बॉस, आधी गार व्हावं लागतं!

'मला म्हणे आग कमी पडते.'

अप्रेझलचं पाकीट सोफ्यावर भिरकावत माझी रूममेट म्हणाली. जानेवारीतली गोष्ट. बाहेर पुण्याची मस्त थंडी, आत आमचा चहा उकळतोय आणि ही अशी पेटलेली.

'आग? कसली आग?'

'फायर इन द बेली गं! मॅनेजर म्हणाला, काम चांगलं आहे, डेडलाइन चुकत नाही, क्लायंट खूश आहे. पण तू फार थंड आहेस. जरा आग दिसू दे.'

आता ही थंड का आहे, हे मला माहीत आहे. गेल्या जूनमध्ये तिचे बाबा गेले. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ती ऑफिसात हजर होती. तेव्हापासून ती भांडत नाही, मीटिंगमध्ये आवाज चढवत नाही, पार्टीला येते पण कोपऱ्यात बसते. काम मात्र चोख. मॅनेजरला हे सगळं ठाऊक होतं. जूनमध्ये ठाऊक होतं. जानेवारीपर्यंत तो विसरला.

आपली भाषासुद्धा मॅनेजरच्याच बाजूची आहे, बघा. धंदा थंड पडला, प्रतिसाद थंड मिळाला, मुलगा अगदी थंड गोळा आहे... थंड म्हणजे वाईट. आणि कौतुक करायचं तर? पेटून उठला, धगधगता, तडफदार! म्हणजे माणसानं चोवीस तास गॅसवर ठेवलेल्या तव्यासारखं असावं.

'उद्या राजीनामा टाकते,' ती म्हणाली. मी चहाचे कप उचलले आणि म्हटलं, 'आधी गच्चीवर चल.'

माकडटोपी आणि दुर्बीण

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हिवाळाभर एक काका असतात. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. माकडटोपी, शाल आणि स्टँडवर लावलेली साधीशी दुर्बीण. त्या रात्रीही होतेच. आमची तोंडं बघून त्यांनी काही विचारलं नाही. रूममेटला फक्त म्हणाले, 'ये, मृग बघ.'

ती चपापली. 'मृग? तो तर जूनमध्ये असतो ना काका?'

तिचं घर शेतकऱ्याचं. तिच्यासाठी मृग म्हणजे पाऊस, पेरणी, बाबांची लगबग. मृग ही आकाशात बघायची गोष्ट आहे हे तिच्या डोक्यातच नव्हतं. काका म्हणाले, 'जूनमध्ये सूर्य त्याच भागात असतो, म्हणून आपण मृग लागला म्हणतो. पण सूर्य तिथेच असल्यामुळे तेव्हा मृग दिसत नाही. तो नीट बघायचा तर हिवाळ्यात.'

तर मंडळी, मृग असा दिसतो. चार कोपऱ्यांत चार तारे, ते हरणाचे पाय. मध्ये ओळीत तीन तारे, तो व्याधानं मारलेला बाण. जरा बाजूला लखलखतोय तो खुद्द व्याध. आता बाणाच्या खाली, दक्षिणेकडे, तीन फिकट ठिपके दिसतात. त्यातला मधला ठिपका थोडा पुसट वाटतो, कुणीतरी बोट फिरवल्यासारखा. दुर्बिणीतून तो चक्क धुरकट दिसतो. तो तारा नाहीच. तो आहे मृगातला तेजोमेघ. आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षं लांब. म्हणजे त्या रात्री आमच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश तिथून निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं!

'हे ताऱ्यांचं मॅटर्निटी होम,' काका म्हणाले. 'इथे आत्ता तारे जन्माला येताहेत. सांगा बरं, तारा पेटायला सगळ्यात आधी काय लागतं?'

'आग,' रूममेट म्हणाली. जरा चिडूनच.

'चूक. थंडी लागते.'

मधल्या सुट्टीतली पोरं

मी मास कॉमवाली. सायन्सशी माझा संबंध दहावीच्या बोर्डाच्या पेपरपर्यंतच. त्यामुळे काकांनी जे सांगितलं ते मी नंतर घरी येऊन वाचून, तपासून घेतलं. खोटं वाटण्याइतकं इंटरेस्टिंग होतं म्हणून.

फंडा असा आहे. दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे गॅस असतो, मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, आणि चिमूटभर बाकीचं सगळं. काही ठिकाणी तो जमून मेघ होतात. 'जमून' म्हणजे किती? आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये रेणू असतात एकावर एकोणीस शून्यं, याहूनही जास्त. आणि मेघाच्या अगदी दाट गाभ्यात, जिथे तारा व्हायचा, तिथे तेवढ्याच जागेत साधारण दहा हजार ते दहा लाख. आपल्या लॅबमध्ये याला कुणीही निर्वात पोकळीच म्हणेल. पण मेघ पसरलेला असतो कित्येक प्रकाशवर्षं, त्यामुळे सगळं मिळून माल प्रचंड भरतो.

आता गुरुत्वाकर्षण या मेघाला आत खेचत असतं. आणि गॅसची उष्णता त्याला बाहेर ढकलत असते. गरम गॅसचे कण म्हणजे मधल्या सुट्टीतली पोरं. त्यांना एका बाकावर दाबून बसवून दाखवा! गॅस जितका गरम, तितकं त्याला आवळायला जास्त वस्तुमान लागतं. हे गणित जेम्स जीन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०२ मध्येच मांडलं होतं. सूर्याएवढा बेताचा तारा बनवायचा असेल, तर गॅस भयंकर गार हवा. किती? उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास.

म्हणजे पुढे जिथे कोट्यवधी अंशांची भट्टी पेटणार, ती जागा आधी विश्वातल्या सगळ्यात गार जागांपैकी एक असते.

'मग ती गार कोण करतं? तिथे फ्रीज आहे का?' मी विचारलं.

काका खूश. केमिस्ट्रीच्या माणसाला असा प्रश्न विचारायचा नसतो. पुढचा पाऊण तास गेला!

धूळ पाहिजे, बॉस!

गार होण्यासाठी उष्णता बाहेर फेकावी लागते. ते काम रेणू करतात. म्हणून आधी रेणू बनायला हवेत. आणि इथेच गोची आहे.

हायड्रोजनचे दोन अणू पोकळीत भेटले की जोडी जमेल असं वाटतं. जमत नाही. जोडी होताना जी ऊर्जा सुटते ती कुठेतरी टाकावी लागते. हायड्रोजनच्या रेणूची दोन्ही टोकं सारखी. त्याला ती ऊर्जा प्रकाशरूपात पटकन फेकता येत नाही. मग त्याच ऊर्जेच्या धक्क्यानं जोडी फुटते. भेटले, भांडले, वेगळे झाले.

मग तिसरा लागतो, मध्यस्थ. तो म्हणजे धुळीचा कण. मेघाच्या वस्तुमानात धूळ फक्त एक टक्का. कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, सिगारेटच्या धुरातल्या कणांसारखे बारीक. वाळूसारखी संयुगं किंवा काजळी. हे कण म्हाताऱ्या ताऱ्यांनी आपल्या शेवटच्या दिवसांत उधळलेले असतात. हायड्रोजनचा एक अणू कणावर येऊन चिकटतो, दुसरा येतो, दोघांची गाठ पडते, जास्तीची ऊर्जा कण स्वतःकडे घेतो आणि रेणू मोकळा होतो.

'पावसाचा थेंब कशावर धरतो, माहीत आहे?' काकांनी रूममेटला विचारलं.

'धुळीवर, मिठाच्या कणांवर. शाळेत होतं.'

'बास. तुझ्या जूनच्या मृगात जे होतं, तेच या मृगात होतं. धूळ नसेल तर इथे थेंब नाही आणि तिथे रेणू नाही.'

शिवाय धूळ छत्रीसारखी उभी राहते. बाहेरच्या तरण्या ताऱ्यांचे अतिनील किरण रेणूंना फोडून टाकतात. ते किरण धूळ अडवते. म्हणून मेघाच्या आत काळोख असतो. फोटोंमध्ये आकाशात भोक पडल्यासारखे काळे डाग दिसतात ना, ते भोक नसतं. त्या छत्रीखाली आत काम चालू असतं.

मेघाला घाम येतो

हायड्रोजनचे रेणू तर झाले. पण एवढ्या थंडीत तेही उष्णता फेकायला नालायकच. मग खरं काम करतं कोण? कार्बन मोनॉक्साइड! हो, तोच. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याच्या बातम्यांतला विषारी वायू.

हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे हा जेमतेम एक. म्हणजे मोठ्या कंपनीतला तो एकटा प्यून, ज्याच्यावाचून सगळं अडतं. त्याची दोन टोकं वेगळी, एकीकडे कार्बन, दुसरीकडे ऑक्सिजन. हायड्रोजनचा धक्का लागला की तो गिरकी घेतो. गिरकी मंदावताना तो एक रेडिओ लहर सोडतो, २.६ मिलिमीटरची. ती लहर मेघातून निसटते आणि जाताना थोडी उष्णता घेऊन जाते. पुन्हा धक्का, पुन्हा गिरकी, पुन्हा लहर. मेघाला घाम येतो म्हणा ना!

ही लहर पहिल्यांदा पकडली १९७० मध्ये, आणि पकडली तीसुद्धा आमच्या समोरच्या या मृगातल्या तेजोमेघाकडूनच. रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेंझियस यांनी, ॲरिझोनातल्या किट पीकच्या दुर्बिणीतून. यातले पेंझियस आणि विल्सन म्हणजे महास्फोटाचा उरलेला उजेड शोधून १९७८ मध्ये नोबेल मिळवणारी जोडी.

आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. नाशिक हायवेनं जाताना मी त्या कैकदा नुसत्याच पाहिल्या होत्या. त्या मीटरभर लांबीच्या, किंवा थोड्या कमी-जास्त, लहरी ऐकतात. त्यात सुट्या हायड्रोजन अणूंची २१ सेंटीमीटरची लहरही येते. म्हणजे जोड्या जमण्याआधीचा गॅस. जोड्या जमल्या, मेघ गार झाला, की मग मिलिमीटरच्या लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणी लागतात. ज्याचं त्याचं डिपार्टमेंट!

पंधरा वर्षं वाट

एवढ्या थंडीत रसायनं एकमेकांशी बोलतात तरी कशी? लॅबमध्ये आपण गरम केल्याशिवाय बहुतेक काही होत नाही. इथे बर्नर म्हणून काम करतात वैश्विक किरण. ते दाट मेघातही शिरतात, हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यातून तीन हायड्रोजनचा एक भारित रेणू तयार होतो. हा म्हणजे वाटायला बसलेला माणूस. जो भेटेल त्याला एक प्रोटॉन देऊन टाकतो. त्यातून साखळी सुरू होते आणि पाण्यापर्यंत पोचते.

ताकेशी ओका या शास्त्रज्ञानं या रेणूचा ठसा प्रयोगशाळेत १९८० मध्ये मिळवला आणि मग तो आकाशात शोधायला सुरुवात केली. सापडला १९९६ मध्ये, टॉम गेबॉल यांच्यासोबत. तब्बल पंधरा वर्षं! आपण कुरिअर दोन दिवस उशिरा आलं तर कस्टमर केअरला फोन करतो.

गाभ्यात अजून थंडी वाढली की कार्बन मोनॉक्साइडही गोठून धुळीवर बसतो. कणांवर बर्फाचा थर चढतो. त्या थरात हायड्रोजनचे अणू घुसतात आणि कार्बन मोनॉक्साइडचं फॉर्माल्डिहाइड, मग मिथेनॉल होतं. जेम्स वेब दुर्बिणीतून पाहणाऱ्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, की जन्माला येणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉलही आहे. म्हणजे आपली दारू. 'ऑन द रॉक्स' म्हणतात ते हेच असावं!

आणि पाणी? २०१४ मध्ये इल्से क्लीव्हज आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. आपल्या पाण्यातलं जड हायड्रोजनचं प्रमाण बघता, पृथ्वीवरच्या पाण्याचा बराच भाग अशाच गार मेघातल्या बर्फातून आलेला असला पाहिजे. म्हणजे सूर्य पेटण्याच्याही आधीचा. तुमच्या डेस्कवरच्या बाटलीतलं थोडं पाणी सूर्यापेक्षा जुनं आहे. घोट घेताना आठवा.

मग आग

एवढं सगळं झाल्यावर मग गाभा कोसळतो. सुरुवातीला तो कोसळतानाही गारच राहतो, कारण उष्णता अजून निसटत असते. मग गाभा इतका दाट होतो की ती आत अडकते. आता तापमान चढू लागतं. जोड्या जमवायला एवढा खटाटोप केलेले हायड्रोजनचे रेणू २,००० अंशांच्या आसपास पुन्हा फुटतात. भोवती फिरणाऱ्या गॅसची तबकडी होते, तिच्यातून पुढे ग्रह. आणि सूर्याएवढ्या ताऱ्याच्या पोटात तापमान कोटीभर अंशांपर्यंत चढून त्याचा जम बसायला लागतात सुमारे पाच कोटी वर्षं.

म्हणजे मॅनेजरची ती पोटातली आग, ती सगळ्यात शेवटी.

घाई केली तर काय होतं, तेही विश्वानं करून पाहिलंय. अगदी पहिल्या ताऱ्यांच्या वेळी धूळ नव्हती, कार्बन नव्हता, ऑक्सिजन नव्हता. गॅसला नीट गार होताच आलं नाही. तो साधारण उणे ७० अंशांवर अडकला. मग तारे झाले ते अजस्र, सूर्याच्या कितीतरी पट. भडकून जळाले आणि काही दशलक्ष वर्षांत खलास. त्यांच्यापाशी पृथ्वीसारखं काही घडणं शक्यच नव्हतं. दगडच नव्हते. त्यांच्या राखेतून धूळ झाली आणि मग सावकाश, छोटे, टिकाऊ तारे जमले. आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षं चालू आहे.

आणि हो, मेघातला सगळा गॅस तारा होत नाही. थोडाच होतो. बाकीचा नव्या ताऱ्यांच्या वाऱ्यानं उडून पुन्हा अवकाशात. आपल्या अख्ख्या आकाशगंगेत वर्षाला जेमतेम एक-दोन सूर्यांइतका माल ताऱ्यांत बदलतो. हा परफॉर्मन्स घेऊन आकाशगंगा अप्रेझलला गेली असती तर काय ऐकायला लागलं असतं, याची कल्पना करा.

गच्चीवर मी उत्साहात रूममेटला म्हटलं, 'बघ! तू थंड नाहीस, तू मेघ आहेस!'

काकांनी माकडटोपी वर करून माझ्याकडे पाहिलं. 'अगं, माणूस म्हणजे मेघ नव्हे. उगाच काहीतरी लिहू नकोस.'

लिहितेय काका, सॉरी. पण एवढंच लिहिते, की त्या रात्री ती बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होती. मग स्वतःशीच म्हणाली, 'बाबांना कधी दाखवायचा राहिला.' जूननंतर पहिल्यांदा ती बाबांबद्दल बोलली. आणि मग खूप बोलली. चहा पार गार झाला, काकांनी शाल तिला दिली.

राजीनामा तिनं टाकला नाही. दुसऱ्या दिवशी दहा दिवसांची रजा टाकली आणि गावाला आईकडे गेली. जूनमध्ये घ्यायला हवी होती ती रजा. मॅनेजरला मेलमध्ये एकच ओळ लिहिली, 'वडील गेल्यावर मी सुट्टी घेतली नव्हती, ती आता घेते आहे.' त्याचा फोन आला. सॉरी म्हणाला म्हणे. परत आल्यावर तिच्या पोटात आग लागली का? मला नाही माहीत. पण परवा ती मीटिंगमध्ये भांडून आली आणि घरी येऊन जेवली पोटभर.

ट्राय करा: डिसेंबर ते मार्च, संध्याकाळनंतर, जिथे सोसायटीचे हॅलोजन डोळ्यांत जात नाहीत अशी गच्ची. मोबाइल खिशात. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं द्या. ओळीतले तीन तारे शोधा, मग त्यांच्या खालचा पुसट ठिपका. साधी दुर्बीण पुरते. सोबत एक स्वेटर आणि अशी एखादी व्यक्ती, जिला सध्या सगळे 'काय थंड झालीयेस' म्हणताहेत. तिला काही समजावू नका. फक्त ठिपका दाखवा आणि शेजारी उभे राहा.